परतीच्या वाटेवरची सहा मिनिटे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. त्यामुळे आजचा विषय ऐकून माझ्या ओळखीचे लोक रेडिओचा आवाज वाढवतील किंवा बंद तरी करतील. मी बोलणार आहे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीवर, म्हणजे कोलोनोस्कोपीवर. हा विषय मी निवडला नाही, तो घरात चालत आला.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोनाळ्यात माझ्या थोरल्या भावाचे मोटार वायंडिंगचे दुकान होते. विहिरीवरची, बोअरवरची जळालेली मोटार लोक त्याच्याकडे घेऊन येत. ती खोलली की आतली काळी पडलेली तार काढताना भाईजान एक-एक वेढा मोजायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. खाचा किती, प्रत्येक खाचेत वेढे किती, तारेचा गेज कोणता, मोटार कोणाची, तारीख काय. शाळा सातवीपर्यंत, पण वही पाहिली तर एखाद्या इंजिनिअरची वाटावी. ‘मोटार चालू झाली’ एवढेच लिहिलेले त्या वहीत कुठेही सापडायचे नाही.

2021 साली त्यांना थकवा येऊ लागला. अधूनमधून शौचाला रक्त पडे. गावात अशा वेळी पहिले आणि शेवटचे निदान एकच असते, मूळव्याध. त्यांना मूळव्याध होतीही. पण अंगातले रक्त फारच उतरले, तेव्हा एका डॉक्टरांनी शहरात जाऊन कोलोनोस्कोपी करून यायला सांगितले. डिसेंबरात आम्ही दोघे गेलो. आदल्या संध्याकाळी दोन लिटर पाण्यात एक भुकटी कालवून ते सगळे पाणी प्यायचे होते. भाईजाननी निम्मे कसेबसे संपवले आणि ग्लास बाजूला ठेवला. म्हणाले, “छोटे, आता नाही जात.” मी म्हटले, राहू द्या. उरलेले पाणी मी स्वतः लॉजच्या मोरीत ओतले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाला. एकच ओळ होती: बाहेर मूळव्याध, बाकी मोठे आतडे सामान्य. आम्ही पेढे घेऊन गावी आलो. चौदा महिन्यांनी त्याच आतड्याच्या उजव्या बाजूला कर्करोग सापडला. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. 2024 च्या पावसाळ्यात ते गेले.

दोष कोणाचा हे ठरवायला मी इथे आलेलो नाही. तो रोग आधीपासून तिथे होता की नंतर झपाट्याने वाढला, हेही आता कोणी सांगू शकणार नाही. मला एवढेच छळत राहिले, की ज्या माणसाने वेढ्यावेढ्याचा हिशेब ठेवला, त्याच्या पाच फूट आतड्याचा हिशेब एका ओळीत कसा झाला? डॉक्टरांनी कुठपर्यंत पाहिले? किती वेळ पाहिले? आतडे स्वच्छ होते का? हे लिहायची काही रीत असते का? मी शोधू लागलो. रीत असते. आणि ती रीत पडण्यामागे एक मोठा, थोडा लाजिरवाणाही इतिहास आहे.

माणसाच्या पोटात जिवंतपणी डोकावण्याची धडपड जुनी आहे. 1868 साली जर्मनीत आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याच्या घशातून सरळ, ताठ नळी पोटात उतरवली होती. तलवार गिळणाराच का, तर दुसऱ्या कोणाला ते जमले नसते. खालच्या बाजूनेही ताठ नळीच वापरत, पण ती वीत-सव्वा वीत आत जाऊन थांबे. पुढे आतडे वळते, आणि ताठ नळीला वळणे माहीत नसतात. प्रकाशही तसाच, सरळ रेषेत जाणारा.

प्रकाशाला वळायला शिकवणाऱ्यांमध्ये आपला एक माणूस आहे. नरिंदरसिंग कपानी, पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले, आग्र्यात शिकलेले. लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी केसासारख्या काचतंतूंची जुडी बांधली आणि त्या लवचिक जुडीतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचवून दाखवले. त्यांचा निबंध 1954 च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये छापून आला. तीनच वर्षांनी, 1957 मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची जठराची दुर्बीण तयार केली आणि रुग्णाच्या आधी स्वतः गिळून पाहिली. हे वाचले तेव्हा या गृहस्थाबद्दल मला आदर वाटला. दुसऱ्याच्या घशात घालायची वस्तू आधी आपल्या घशात घालणारे लोक कोणत्याही धंद्यात थोडेच.

आतड्याची दुर्बीण यायला आणखी दहा-बारा वर्षे लागली. 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि मूळचे जपानचे हिरोमी शिन्या यांनी लवचिक दुर्बीण मोठ्या आतड्याच्या अगदी दुसऱ्या टोकापर्यंत नेली. शिन्या यांनी तिच्यातून तारेचा एक फास आत सोडला, आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या मोडाला तो घातला आणि विजेच्या चटक्याने तो मोड मुळापासून कापून काढला. पोट न फाडता. अशा मोडांना डॉक्टर पॉलिप म्हणतात. आपल्याकडे मूळव्याधीच्या कोंबालाही मोडच म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या कापण्याला एवढे महत्त्व का? कारण लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले डॉक्टर 1920 च्या दशकापासून कापून काढलेली आतडी तपासून सांगत होते, की मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा कोऱ्या जागेवर उगवत नाही, तो आधीच्या मोडातून वाढतो. सगळे मोड बिघडत नाहीत. त्यातल्या अॅडिनोमा नावाच्या जातीतले काही बिघडतात, आणि त्यालाही बहुतेक वेळा दहाएक वर्षे लागतात. म्हणजे रोग दार उघडे ठेवून दहा वर्षे उंबऱ्यावर बसलेला असतो. त्या काळात मोड काढला, की कर्करोग व्हायचाच नाही. 1993 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हे आकड्यांनी दिसले. मोड काढलेल्या 1,418 जणांवर सरासरी सहा वर्षे लक्ष ठेवले, त्यात कर्करोग निघाला फक्त पाच जणांना. अपेक्षेपेक्षा 76 ते 90 टक्के कमी.

एवढे झाल्यावर जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. दुर्बीण घातली म्हणजे झाले, असे डॉक्टरांना वाटले आणि लोकांनाही वाटले. इथून पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कारण काही डॉक्टरांनीच उठून विचारले, घातली खरी, पण दिसले का?

1997 मध्ये अमेरिकेत डग्लस रेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी परीक्षा घेतली. 183 लोकांची एकाच दिवशी लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी केली. पहिल्यांदा जे अॅडिनोमा सापडले ते काढले. दुसऱ्यांदा पाहिले, काय राहिले. सुमारे 24 टक्के अॅडिनोमा राहिले होते. त्यातले पुष्कळसे अगदी बारीक, हे खरे. पण एक सेंटिमीटरहून मोठ्यांपैकीही 6 टक्के नजरेतून निसटले होते. आणि तपासणारे नवशिके नव्हते.

इंग्लंडमध्ये तर पायाच तपासला गेला. मोठे आतडे जिथे सुरू होते, जिथे लहान आतडे त्याला येऊन मिळते, त्या टोकाला सीकम म्हणतात. दुर्बीण खालून वर जाते, म्हणून सीकमला पोहोचलो तरच पूर्ण आतडे पाहिले असे म्हणता येते. 1999 च्या सुमारास तिथल्या 9,223 तपासण्यांची झडती घेतली. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे जवळपास 77 टक्के वेळा ते सीकमला पोहोचले होते. पुरावा मागितला, म्हणजे तिथल्या ठराविक खुणा दिसल्याची नोंद मागितली, तेव्हा आकडा 57 टक्क्यांवर आला. पहिल्या शंभर तपासण्या कोणा जाणत्याच्या देखरेखीखाली केलेले डॉक्टर होते फक्त 17 टक्के. 2004 मध्ये हे सगळे छापून आले. आपल्याच घरातली धूळ चारचौघांत झटकायला हिंमत लागते. ती त्यांनी दाखवली. त्यानंतर तिथे प्रशिक्षणाची घडी बसली आणि आकडे सुधारले.

मग मोजायचे काय, हा प्रश्न आला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2002 पासून काही कसोट्या सुचवल्या. त्यातली मुख्य अशी: लक्षणे नसलेल्या शंभर लोकांची तपासणी केली, तर किती जणांत डॉक्टरांना निदान एक अॅडिनोमा सापडतो? पन्नाशीपुढच्या शंभर पुरुषांत 25 आणि शंभर बायकांत 15 तरी सापडलेच पाहिजेत, असे ठरले. एखाद्या डॉक्टरला शंभरात आठच सापडत असतील, तर त्याच्या वाट्याला सगळे निरोगी लोक येतात असे नव्हे. त्याला दिसत नाहीत.

आणि दुसरी कसोटी वेळेची. दुर्बीण आत नेताना डॉक्टरांचे लक्ष रस्ता काढण्याकडे असते. खरे पाहणे होते ते बाहेर येताना. आतड्याला घड्या असतात, पडद्याच्या चुण्यांसारख्या. एकेक चुणी बाजूला सारून तिच्यामागे पाहावे लागते. या परतीच्या वाटेला निदान सहा मिनिटे दिली पाहिजेत, असे ठरले. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डच्या बारा डॉक्टरांनी स्वतःवरच घड्याळ लावले. 2006 मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोणी सरासरी तीन मिनिटांत बाहेर येत होता, कोणी जवळपास सतरा मिनिटांत. सहा मिनिटांहून कमी वेळ घेणाऱ्यांना सुमारे 12 टक्के लोकांत मोड सापडत होते, अधिक वेळ घेणाऱ्यांना 28 टक्के लोकांत. यंत्र तेच, गाव तेच.

अर्थात नुसत्या घड्याळाने काम भागत नाही. पुढे काही ठिकाणी सहा मिनिटांची सक्ती केली, तर वेळ पाळला गेला पण सापडणारे मोड वाढले नाहीत. मुशायऱ्यात दोन तास मांडी घालून बसलेल्या प्रत्येकाला शेर कळतोच असे नाही, तसेच हे.

तरीही एक शंका उरत होती. बारीक मोड राहिले तर राहिले, त्याने माणसाचे खरेच काही बिघडते का? याचे उत्तर 2010 मध्ये पोलंडमधून आले. मिखाल कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 186 डॉक्टर आणि त्यांनी तपासलेले 45,026 लोक यांची यादी कर्करोगाच्या नोंदवहीशी ताडून पाहिली. ‘सर्व ठीक’ म्हणून घरी गेलेल्यांपैकी 42 जणांना पुढची तपासणी यायच्या आतच कर्करोग झाला होता. ज्या डॉक्टरांना शंभरात विसापेक्षा कमी लोकांत अॅडिनोमा सापडत, त्यांच्या रुग्णांना हा धोका इतरांच्या रुग्णांपेक्षा दहापटीहून अधिक होता. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांनी तेच सांगितले: डॉक्टरचा हा आकडा एका टक्क्याने वाढला, की त्याच्या रुग्णांचा कर्करोगाचा धोका तीन टक्क्यांनी आणि त्या रोगाने मरण्याचा धोका पाच टक्क्यांनी कमी.

ही माहिती मी पहिल्यांदा वाचली ती रात्री, एकटाच. त्या 42 जणांची नावे कुठे छापलेली नाहीत. मला मात्र त्यांच्या रांगेत त्रेचाळिसावा माणूस उभा दिसला.

आता त्या पाण्याकडे येतो. आतडे स्वच्छ नसेल, तर जगातल्या सर्वांत चांगल्या डॉक्टरलाही दिसणार काय? 2009 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी यासाठी गुण ठरवले. आतड्याचे तीन भाग: उजवा, मधला, डावा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण नऊ. प्रत्येक भागाला निदान दोन गुण मिळाले तरच तपासणी भरवशाची. नाहीतर रिपोर्टवर तसे लिहायचे आणि रुग्णाला पुन्हा बोलवायचे. उजवी बाजू साफ व्हायला सर्वांत अवघड. आदल्या रात्री सगळे पाणी प्यायल्यावर पहाटेपर्यंत लहान आतड्यातून नवा मळ उतरतो आणि नेमका उजव्या बाजूला साचतो. म्हणून आता निम्मे पाणी रात्री आणि निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे घ्यायला सांगतात. भाईजाननी निम्मे प्यायले होते. पहाटेचा निम्मा भाग मी मोरीत ओतला होता. हे मला त्या वेळी कोणी समजावून सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात या रोगाचे चित्र पाश्चात्त्य देशांहून वेगळे आहे, हेही सांगितले पाहिजे. कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली नोंदणी डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने 1963 साली मुंबईत सुरू झाली. खेड्यातली पहिली 1987 मध्ये बार्शीला. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावांत माणसे घरोघर जाऊन नोंदी घेऊ लागली. मोठ्या आतड्याचा कर्करोग मुंबईच्या मानाने तिथे फारच कमी निघाला. डेनिस बर्किट नावाच्या आयरिश डॉक्टरने 1971 मध्ये आफ्रिकेतल्या अनुभवावरून मांडले होते, की कोंड्यासकट धान्य खाणाऱ्यांना हा रोग कमी होतो. बार्शीची ज्वारी त्याच्या बाजूने साक्ष देते असे म्हणायचा मोह होतो. पण आमच्या वऱ्हाडातही आयुष्यभर कळण्याची भाकरी खाल्लेला माणूस मी गमावला आहे, म्हणून हा मुद्दा इथेच सोडतो.

रोग कमी, म्हणून सरकारी तपासणी मोहिमेत त्याला जागा नाही. 2010 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे. ते योग्यच आहे. आपल्याकडे माणसे त्यांनीच अधिक मरतात. पण याचा अर्थ असा, की आपल्याकडे कोलोनोस्कोपी बहुतेक वेळा तक्रार सुरू झाल्यावरच होते, आणि अनेकदा आयुष्यात एकदाच. दुसरी संधी नसते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आपल्याकडे आलेल्या अशा 800 रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचे सरासरी वय 47 च्या आसपास निघाले. कमावती वये. शंभरात पंचवीस हा परदेशी आकडा आपल्या डॉक्टरांना जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण आपल्याकडे मुळात मोडच कमी. सीकमची खूण, स्वच्छतेचे गुण आणि परतीची मिनिटे लिहायला मात्र कोणत्याही देशाचा आडकाठी नाही.

कोलोनोस्कोपीला देव करू नये, हेही खरे. 2022 मध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे 85 हजार लोकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तपासणीला बोलावलेल्या गटात दहा वर्षांत कर्करोग फक्त 18 टक्क्यांनी कमी झाला. पुष्कळांना तो निकाल निराशेचा वाटला. पण बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष आले होते 42 टक्केच, आणि काही तपासणाऱ्यांचा आकडा ठरलेल्या कसोटीच्या खाली होता. अमेरिकेने 2024 मध्ये कसोट्या आणखी कडक केल्या: शंभरात पस्तीस, आणि परतीची आठ मिनिटे.

सख्ख्या भावाला साठीच्या आत हा रोग झाला, म्हणजे मलाही तपासणी करणे भाग होते. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका शहरात जाऊन ती केली. निम्मे पाणी रात्री, निम्मे पहाटे चारला उठून. भाईजानचा मुलगा सोबत होता. तो ग्लास मोजत बसला होता. तपासणीआधी मी डॉक्टरांना भीत भीतच विचारले, रिपोर्टवर काय काय लिहाल? ते रागावले नाहीत. हसले आणि म्हणाले, “विचारणारे फार थोडे भेटतात.”

माझ्या रिपोर्टवर सीकमचा फोटो आहे. स्वच्छतेचे गुण नऊपैकी आठ आहेत. परतीचा वेळ अकरा मिनिटे. उजव्या बाजूला सहा मिलिमीटरचा एक अॅडिनोमा, काढला. पाच वर्षांनी पुन्हा यावे.

गावी आल्यावर पुतण्याने तो कागद बराच वेळ पाहिला आणि दुकानातल्या जुन्या वहीत ठेवून दिला. आता वायंडिंगचे दुकान तोच चालवतो. दोन वर्षांनी तो चाळीस पूर्ण करील, तेव्हा त्याची पाळी आहे. परवा मोटार खोलता खोलता त्याने विचारले, “चाचा, ते पाणी चवीला कसं असते?”

मी म्हटले, “खारट. शेवटचा ग्लास सगळ्यात जड जातो.”